आत कोण कोण आले

परळमधल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर छोटेसे बालवाचनालय आहे. तिथे शनिवारी दुपारी मी मुलांना पुस्तके वाचून दाखवते. सतरंजीवर दाटीवाटीने बसणारी ही मुले आजूबाजूच्या चाळींमधली, बहुतेक पाच ते नऊ वर्षांची असतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी मी नवे चित्रपुस्तक उघडले होते. बाहेर धो धो पाऊस होता, आणि पुस्तकातही होता. एका म्हाताऱ्या आजीच्या खोलीत भिजलेले पाहुणे एकेक करून येत होते, आणि प्रत्येक पानावर आजी तेच एक वाक्य म्हणत होती : ‘या, आत या, पाऊस आहे.’ कुत्रा आला, शेळी आली, कोंबडी पिलांना घेऊन आली, तोवर मुले खूष होती आणि आजीचे वाक्य माझ्याआधी म्हणत होती. मग घुशीचे पान आले, आणि खिडकीजवळ बसलेला एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘घुशीला कोणी बोलावलं?’ इतर मुले हसली, पण त्याने ते गमतीने विचारलेले नव्हते. त्याची खोली तळमजल्यावर आहे. रात्री मोरीतून घूस वर येते, म्हणून त्याची आई झोपण्याआधी मोरीच्या भोकावर वीट ठेवते. एकदा घुशीने त्याचे दप्तर कुरतडले होते, आणि तेव्हापासून दप्तर दोरीने खुंटीला टांगलेले असते. हे सारे त्याने एका दमात सांगितले आणि पुन्हा विचारले, ‘सगळ्यांना बोलावलंय असं आहे ना? मग तिला पण?’ त्यानंतर बराच वेळ वाचन झालेच नाही. जे झाले ते भांडण होते, आणि इतके चांगले भांडण मी मोठ्यांच्या सभांमध्येही फारसे ऐकलेले नाही.

ते पुस्तक दोन फर्म्यांचे, म्हणजे बत्तीस पानांचे, मधोमध पिना मारलेले आणि कडा आताच मऊ पडू लागलेले आहे. मजकूर इतका थोडा, की तो एका पोस्टकार्डावर मावेल. सगळे काम चित्रे करतात. पहिल्या जोडपानावर आजीची रिकामी खोली दिसते : एक खाट, कडप्प्याचा ओटा, फळीवर ओळीने निळे कप, कोपऱ्यात मोरी, दाराबाहेर गॅलरीचा लाकडी कठडा आणि त्यापलीकडे तिरप्या रेघांचा पाऊस. पुढच्या प्रत्येक जोडपानावर हीच खोली, याच कोनातून, याच आकाराची काढलेली आहे. चित्रकाराने तिला एका बोटानेही मोठे केलेले नाही. पाहुणे वाढत जातात, खोली वाढत नाही, त्यामुळे आधी आलेल्यांना प्रत्येक वेळी सरकावे लागते. पहिल्या पानांवर आजी खाटेवर पाय पसरून बसलेली आहे. शेळी येते तेव्हा तिने पाय पोटाशी घेतले आहेत, कोंबडी येते तेव्हा ती खाटेच्या कडेला आहे, आणि शेवटच्या पानांवर ती उंबरठ्यावर बसलेली असून तिच्या लुगड्याचा एक काठ बाहेरच्या पावसात भिजतो आहे. मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही. तिथे आजी नुसते ‘या’ म्हणते. तिने काय दिले ते फक्त चित्राला माहीत आहे, आणि जी मुले अजून वाचू शकत नाहीत त्यांनाच ते आधी कळते, कारण त्यांचे डोळे अक्षरांच्या मागे धावत नसतात.

या पुस्तकाने मला सगळ्यात आधी आठवण करून दिली ती माझ्या आजीच्या घासांची. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातली पहिली गोष्ट पावसाची आणि दाराचीच असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले, आणि तो भिजत, कुडकुडत चिमणीच्या दाराशी उभा राहिला. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला गंध लावते.’ ‘थांब, माझ्या बाळाला झोपवते.’ आजीच्या आवाजातली ती ‘थांब’ची लय इतकी गोड होती, की तिच्यावर भाताचे घास आपोआप गिळले जात. कावळा बाहेर किती वेळ भिजला हा विचार त्या वयात कधी मनात आला नाही. शेवटी दार उघडते, पण आजी सांगत असे त्या गोष्टीत कावळ्याला गरम तव्यावर बसवले जाते आणि त्याला चटका बसतो. त्यावर आम्ही हसायचो. मला त्या गोष्टीबद्दल राग नाही. त्यात एकटी बाई आहे, लहान पिलू आहे, बाहेर काळोख आहे, आणि दार उघडण्याआधी विचार करण्याचा तिचा हक्क मी मानते. तरी आपल्या भाषेतले प्रत्येक मूल जेवायला बसल्यावर पहिल्यांदा ऐकते ती न उघडलेल्या दाराची गोष्ट असते, आणि त्याच जेवणात ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ असेही म्हटले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. घास देतो, दार देत नाही, हे आपण किती लहानपणी शिकतो.

त्याच कावळ्याला आपण वर्षातून एकदा हाका मारतो. भाद्रपदाच्या वद्य पक्षात चाळीच्या गच्चीवर केळीच्या पानावर वाढलेले असते : भात, वरण, वडा, खीर, आजोबांना आवडायची ती भाजी. घरातला एखादा मोठा माणूस आभाळाकडे तोंड करून ‘काव काव’ करतो. वाळकेश्वरला बाणगंगेच्या काठावर मी लोकांना दहाव्याच्या पिंडासमोर हात जोडून उभे राहिलेले पाहिले आहे. कावळा शिवत नाही, मग कोणी पुढे होऊन सांगते, ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका,’ आणि सगळ्यांच्या नजरा एका काळ्या पक्ष्यावर खिळतात. तो खाली उतरला की माणसे रडतात आणि सुटतात. एवढा मान मिळणारा हा पक्षी दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजावर आला की त्याला हाकलले जाते. त्या चित्रपुस्तकात कावळा येतो तो खिडकीतून. आजी त्याला खुंटीवरचा टॉवेल देते, आणि तो तो टॉवेल चोचीत धरून फळीवर जाऊन बसतो. तिला त्याच्याकडून कोणाचा निरोप नको आहे. तो भिजलेला आहे, एवढेच. मला ते पान फार आवडते.

आणि तो कावळा कावळाच आहे. त्याने सदरा घातलेला नाही, त्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही. मुलांच्या पुस्तकांत प्राणी येतात तेव्हा त्यांना कपडे घालण्याची, खुर्चीवर बसवून चमच्याने जेवायला लावण्याची सवय इतकी पडली आहे, की अस्वलाने स्वयंपाक केला नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते. त्यातल्या काही पुस्तकांवर माझे मनापासून प्रेम आहे. पण ज्या पुस्तकाला ‘सगळे या’ म्हणायचे आहे, त्याने प्राण्यांना माणसासारखे करून आत घेतले तर त्या बोलावण्यात एक अट लपलेली राहते : आमच्यासारखे व्हा, मग या. आजीच्या खोलीत शेळी खाटेखाली लेंड्या टाकते, आणि त्या चित्रात स्पष्ट दिसतात. ओला कुत्रा अंग झाडतो आणि भिंतीवर शिंतोडे उडतात. मांजरे येतात ती कोळिणीच्या पाटीमागून, तिच्याशी त्यांना काही देणेघेणे नाही, पाटीतल्या बोंबलांशी आहे. ज्या शहरात मासे खाणाऱ्याला भाड्याने घर मिळताना आधी स्वयंपाकघराची चौकशी होते, तिथे बोंबलाच्या पाटीसकट कोणाला तरी आत घेतलेले पाहणे मला गरजेचे वाटते. वास घेऊन या, असे त्या चित्रात कोणी म्हणत नाही, पण पाटी कोणी बाहेरही ठेवायला लावत नाही.

घूस मात्र वेगळी आहे.

परळ-लालबागच्या मुलांचे उंदराशी नाते सोपे नसते. गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या पायाशी बसलेला मूषक ती रंगताना पाहतात, त्याच्या कानात इच्छा सांगतात, त्याच्या हातातल्या लाडवाकडे बघतात. त्याच रात्री चाळीच्या मागच्या गल्लीत महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक विजेरी आणि काठी घेऊन फिरत असतात. पावसाचे पाणी साचले की लेप्टोची भीती असते, आणि ती खरी आहे, कारण तो आजार उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या छोट्याशा जखमेतून अंगात शिरतो. आणि या वस्तीची तर घडणच उंदराने केलेली आहे. १८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत अर्धे शहर बाडबिस्तरा बांधून पळाले. लस तयार करण्यासाठी आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि तीच आजची हाफकिन संस्था, जिच्या भिंतीवरून ही मुले शाळेत जाताना हात फिरवत जातात. त्या भोकावर वीट ठेवणाऱ्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की वीट काढा? मी ते सांगत नाही. ती वीट म्हणजे तिच्या मुलाच्या तब्येतीची काळजी आहे, आणि तिच्या मागे सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

प्लेगनेच १८९८ साली मुंबईला सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट दिला. दाट, अंधाऱ्या वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळवायची आणि लोकांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. त्या बीआयटी चाळी परळमध्ये अजून उभ्या आहेत. त्यांपैकी एक नंबरच्या चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. शनिवारी येणाऱ्या मुलांपैकी काहींना ती चाळ माहीत आहे, कारण आजोबांचे बोट धरून ती तिथे जाऊन आली आहेत. मी त्या चाळीवरून जाते तेव्हा मला आता ते चित्रपुस्तक आठवते, कारण ‘सगळ्यांना, अगदी प्राण्यांनासुद्धा’ असे ज्याच्याबद्दल आपण कौतुकाने म्हणतो, तो क्रम आपल्या इतिहासात उलटा होता. इथे राहणाऱ्या त्या माणसाने मार्च १९२७ मध्ये महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या तळ्यावर गुरेढोरे येऊन पाणी पीत होतीच. प्राण्यांना आधीच मुभा होती. माणसाला नव्हती. आणि माणसांनी पाणी प्याल्यावर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी जे वापरले गेले त्यात गाईचे शेण आणि गोमूत्र होते. न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. हे मी पाच वर्षांच्या मुलांना त्या दुपारी सांगितले नाही, ती वेळ नव्हती. पण ‘सगळे’ म्हणून सशा-हरणांची रांग काढणारे गोड पुस्तक हातात आले, की मी आता त्यात आधी माणसे शोधते. हत्तीशेजारी उंदीर बसवणे चित्रकाराला अवघड नसते. कोणत्या माणसाशेजारी कोणते माणूस बसले आहे, त्यावरून पुस्तकाचे धाडस कळते.

आजीच्या खोलीत माणसे येतात. कोळीण येते, छत्री उलटी झालेला पोस्टमन येतो, आणि गमबूट घातलेली एक सफाई कामगार बाई येते. तिच्या पानावर काही विशेष घडत नाही. ती खाटेवर, शेळीला थोडे ढकलून, बसते आणि चहा पिते. मी पान उलटणार इतक्यात सातेक वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांचे कप सारखे आहेत.’ मी पुन्हा पाहिले. पहिल्या पानावर फळीवर ओळीने असलेले ते निळे कप आता सगळ्यांच्या हातांत होते, पोस्टमनच्या, कोळिणीच्या, त्या बाईच्या, आणि एक कुत्र्यासमोर जमिनीवर ठेवलेला. ‘माझ्या आईला तिकडे वेगळा कप आहे,’ ती म्हणाली. तिची आई समोरच्या उंच इमारतीत धुणीभांडी करते. ‘खिडकीत ठेवतात. त्याला कान नाही.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती माहिती देत होती, जशी मघाशी त्या मुलाने विटेची माहिती दिली होती. दोन-तीन मुलांनी चित्रातले कप मोजले आणि एकाने खात्री करून घेतली की प्रत्येक कपाला कान आहे. चित्रकाराने ते कप सारखे काढले तेव्हा ही मुलगी त्याच्या मनात होती की नाही मला कळणार नाही. पण ज्याने तो कान विसरून न जाता प्रत्येक कपाला काढला, त्या हाताला मला नमस्कार करावासा वाटतो.

या शहराने प्राण्यांसाठी काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आणि मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी पांजरापोळ उभी केली. ती भुलेश्वरच्या गर्दीत आजही आहे. आमच्या परळमध्ये सर दिनशा पेटिट यांच्या दानातून जनावरांचे इस्पितळ झाले, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते. टॅक्सीवाल्याला याखेरीज दुसरे नाव सांगितले तर तो गोंधळेल. सतरंजीवरच्या एका मुलाने तिथे आपले मांजर खोक्यात घालून नेले होते, आणि त्या दिवशी बाकावर त्याच्या एका बाजूला पोपट आणि दुसऱ्या बाजूला बकरी बसली होती. त्याला आजीची खोली मुळीच नवलाची वाटली नाही. ‘तिथे असंच असतं,’ तो म्हणाला. पुस्तकातला तो प्रसंग खऱ्या जगात कुठे घडतो याचे इतके नेमके उत्तर मला सुचले नसते. तिथे येणारा प्रत्येक जीव आजारी असतो, आणि म्हणून एकाच बाकावर बसतो.

आजीच्या खोलीत येणारा प्रत्येकजण भिजलेला असतो, म्हणून बसतो. हेही महत्त्वाचे आहे. आमच्या पिढीने एक असा दिवस पाहिला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या बंद पडून लाखो माणसे पाण्यातून चालत निघाली. त्या रात्री अनोळखी घरांची दारे उघडली. कोणी जात विचारली नाही, कोणी काय खाता हे विचारले नाही, चहा आणि पार्लेजी आणि कोरडा टॉवेल हातात ठेवला. त्याच रात्री उपनगरांतल्या तबेल्यांत दाव्याला बांधलेल्या म्हशी बुडाल्या, कारण दावे सोडायला कोणी पोचू शकले नाही. त्या रात्रीची आठवण निघाली की प्रत्येकजण अभिमानाने बोलतो, आणि तो अभिमान खरा आहे. मला प्रश्न पडतो तो त्यानंतरच्या महिन्याचा. पाणी ओसरले आणि दारे पुन्हा आधी होती तेवढीच उघडी राहिली. पुस्तकाच्या लेखकाला हा प्रश्न माहीत असावा, कारण शेवटच्या पानावरही पाऊस थांबत नाही. ऊन पडले, सगळे आपापल्या घरी गेले, आजी दमून झोपली, असा शेवट तिथे नाही. तिरप्या रेघा पानाच्या कडेपर्यंत तशाच जातात. पाहुणे राहणार आहेत. आजी उंबरठ्यावर आहे. तिला पाठ टेकायला जागा कोण करून देणार, हे त्या चित्राने मुलांवर सोपवले आहे, आणि एका लहान मुलाने तिथल्या तिथे पोस्टमनला उठवून त्याची जागा आजीला दिलीसुद्धा.

घुशीचे उत्तर शेवटी त्या विटेत सापडले. ज्याने प्रश्न विचारला होता त्यानेच पुस्तक मांडीवर घेऊन मागची पाने उलटली, आणि पहिल्या चित्रातल्या मोरीवर बोट ठेवले. तिथे भोकावर वीट आहे. घुशीच्या पानावर ती वीट बाजूला भिंतीशी उभी केलेली आहे, आणि घूस भोकातून अर्धी बाहेर, मिशा ओल्या, पाठ अजून आत. ती पुढच्या एकाही चित्रात मोरीच्या कठड्याच्या अलीकडे येत नाही. पिले खाटेवर आहेत, जेवण ओट्यावर आहे, कावळ्याची नजर तिच्यावर आहे. ‘म्हणजे आजीनेच काढली,’ तो म्हणाला. ‘पण मोरीपर्यंतच.’ त्याला हे पटले की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्याने आपल्या घरातली वीट काढावी असे मला वाटत नाही, आणि तोही काढणार नाही. पण चित्रात कोणाला कुठवर घेतले आहे हे त्याने स्वतः मोजून पाहिले, आणि त्यात सरसकट ‘सगळे’ म्हणण्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणा आहे असे मी मानते. मोरीत जागा देणे हेही देणेच आहे. ती जागा खाटेइतकी नाही, हेही लपवलेले नाही.

असाच हिशेब बिबट्याच्या पानावर करावा लागतो. मुंबईच्या पुस्तकात बिबट्या येणारच. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, इमारतींनी वेढलेले, आणि त्यातले बिबटे रात्री आरेच्या रस्त्यांवर, सोसायट्यांच्या भिंतींवर कॅमेऱ्यांत दिसतात. त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो. पुस्तकात तो आत येत नाही. तो गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या वरच्या पायरीवर, पत्र्याच्या आडोशाला बसलेला आहे. त्याची पाठ कोरडी आहे, शेपूट पायऱ्यांवरून खाली लोंबते आहे, आणि आजीने त्याच्यासमोर झाकलेले ताट ठेवले आहे. मुलांना हे अन्यायाचे वाटले. घूस आत आणि बिबट्या बाहेर? तेव्हा एक मुलगी बोलली, जिची आजी आरेच्या एका पाड्यावर राहते आणि जी सुट्ट्यांमध्ये तिथे असते. ‘त्याला आत आवडत नाही,’ ती म्हणाली. ‘त्याला बाहेरच देतात. आमच्याकडे वाघोबा बाहेरच असतो.’ वारल्यांचा वाघोबा मी पाहिलेला आहे : झाडाखाली उभी फळी किंवा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, अंगाला शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याच्यापुढे पूजा होते, त्याचे त्याला दिले जाते, आणि मग तो आपल्या वाटेने व आपण आपल्या वाटेने, असा तो करार असतो. त्यात भीती आहे, आदर आहे, शेजारही आहे. त्या मुलीच्या घरातली माणसे रात्री उशिरा एकटी बाहेर पडत नाहीत, मुलांना संडासला नेताना मोठ्याने बोलत जातात, आणि हे सारे तिने चित्रातल्या जिन्याकडे बोट दाखवत इतरांना समजावले. दार बंद करणे आणि दार सताड उघडणे यांच्या मध्ये माणसांनी इतक्या पिढ्या काढल्या आहेत, आणि त्या मधल्या जागेचे चित्र मी या पुस्तकाआधी मुलांच्या पुस्तकात पाहिले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी दुसरे पुस्तक नेले होते, पण मुलांनी हेच मागितले, कारण ताटाचा प्रश्न राहिला होता. बिबट्यासमोरच्या झाकलेल्या ताटात काय आहे? चित्रात झाकण आहे, वाफ नाही, दुसरा काही माग नाही. एकाने भात म्हटले, त्याला सगळ्यांनी गप्प बसवले. बिबट्या भात खात नाही. एकाने कोंबडी म्हटले, आणि मग सगळ्यांनी एकदम खाटेकडे पाहिले, जिथे कोंबडी आपल्या पिलांना पंखाखाली घेऊन बसली आहे आणि शेजारी कुत्रा झोपला आहे. एकाने कोळिणीच्या पाटीतले बोंबील सुचवले, ते मांजरांच्या वतीने नाकारले गेले. पाड्यावर सुट्टी काढणारी ती मुलगी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि ठामपणे म्हणाली, ‘ताट रिकामंच आहे. तो जेवून आलाय.’ त्यावर खिडकीजवळचा तो मुलगा पुन्हा उभा राहिला.

‘कोणाला?’